पोहला तो, नोंद कोण ठेवणार? फुरुहाशी हिरोनोशिनचं प्रकरण

थोडक्यात काय घडलं

६ ऑगस्ट १९४८. टोकियोच्या मेइजी जिंगू पूलमध्ये निहोन युनिव्हर्सिटीचा एक १९ वर्षांचा पोरगा १५०० मीटर फ्रीस्टाईल १८ मिनिटं ३७.० सेकंदात पोहला. त्याच सुमाराला तिकडे लंडनला ऑलिम्पिक चालू होतं आणि तिथे हीच रेस अमेरिकेच्या जिमी मॅक्लेनने १९ मिनिटं १८.५ सेकंदात जिंकली. फरक ४१.५ सेकंदांचा. नुसतं ऐकून कळत नाही म्हणून सांगतो, ५० मीटरच्या पूलमध्ये दोघं शेजारच्या लेनमध्ये असते तर टोकियोवाला भिंतीला हात लावून गॉगल शोधायला लागला असता (तेव्हा गॉगल कुठले म्हणा) आणि ऑलिम्पिक चॅम्पियनची अजून एक अख्खी लेंथ आणि वर तीनचार मीटर बाकी असते.

बरं, तेव्हाचा जागतिक विक्रम होता १८:५८.८, तोही १९३८ पासूनचा आणि तोही एका जपान्याचाच, आमानो तोमिकात्सुचा. तो जवळपास २२ सेकंदांनी मोडला. पण विक्रमांच्या अधिकृत यादीत ही रेस नाही. त्या दिवशी तिथे कोणी पोहलंच नाही असं समजा.

पोराचं नाव फुरुहाशी हिरोनोशिन. ही गोष्ट सहसा "बिचाऱ्याची वेळच चुकली" अशी सांगतात. मला ते अर्धंच पटतं. त्यात नशीब किती आणि माणसांनी टेबलावर बसून घेतलेले निर्णय किती, हे वेगळं काढून बघायचंय म्हणून हे लिहितोय.

पार्श्वभूमी

जन्म १६ सप्टेंबर १९२८, शिझुओका प्रांतात हामाना सरोवराच्या काठचं गाव. पाण्याजवळ वाढलेलं पोर, सहावीत असतानाच शाळकरी मुलांचे १०० आणि २०० मीटरचे विक्रम केलेले. आणि तो काळ असा की पोहण्यात जपान म्हणजे दादा देश होता. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या सहापैकी पाच शर्यती जपानने घेतल्या, त्यात १५०० मीटर जिंकणारा कितामुरा कुसुओ तर १४ वर्षांचा होता. १९३६ ला बर्लिनमध्येही १५०० चं गोल्ड जपानलाच. त्यामुळे लांब पल्ल्याचं पोहणं हे त्यांच्याकडे आपल्या कुस्तीसारखं, गावागावात मान असलेलं प्रकरण.

मग युद्ध आलं. शाळेतल्या पोरांना कारखान्यांत जुंपलं, त्यात लेथवर काम करताना फुरुहाशीच्या डाव्या हाताचं मधलं बोट टोकाकडून तुटलं. फ्रीस्टाईलमध्ये पाणी धरायचं ते तळव्याने आणि बोटांनीच, त्यामुळे आपलं पोहणं संपलं असं त्याला वाटणं साहजिक होतं. नंतर निहोन युनिव्हर्सिटीत आला, स्विमिंग क्लबच्या लोकांनी ओढून पाण्यात घातला आणि त्याने डावीकडची कसर उजव्या हाताच्या जोरावर भरून काढली. स्ट्रोक काही पुस्तकात फोटो छापावा असा देखणा नव्हता. चालला मात्र.

युद्धानंतरचं टोकियो म्हणजे जळून गेलेलं शहर, रेशन, रताळी. आजच्या कोचने डाएट चार्ट काढला तर त्यात जे जे असतं त्यातलं जवळपास काहीच मिळत नव्हतं आणि हा दिवसाला मैलच्या मैल पोहत होता. १९४७ मध्येच त्याने ४०० मीटर ४:३८.४ मध्ये मारलं, तेही तेव्हाच्या जागतिक विक्रमापेक्षा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने कमी. तेही कुठे नोंदलं गेलं नाही.

नेमका पेच

युद्ध हरलेल्या जपानला आणि जर्मनीला १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचं आमंत्रण नव्हतं. त्याशिवाय फिनामध्ये, म्हणजे पोहण्याच्या जागतिक फेडरेशनमध्येही जपान तेव्हा सदस्य नव्हता. म्हणजे कुलूप दोन दारांना. ऑलिम्पिक तर नाहीच, आणि घरच्या पूलमध्ये कितीही जोरात पोहलं तरी तो विक्रम धरला जाणार नाही.

फुरुहाशीसाठी याचा अर्थ काय ते बघा. युद्धाच्या वर्षांत मोठा होऊन १९-२० व्या वर्षी तो फॉर्मच्या शिखरावर, पुढचं ऑलिम्पिक १९५२ ला, तेव्हा हा २३ चा. आज २३ म्हणजे काहीच नाही, पण तेव्हा सगळे हौशी खेळाडू, कॉलेज संपलं की नोकरी, आणि नोकरी करत १५०० मीटरची प्रॅक्टिस करून बघा.

पर्याय काय होते

इथे निर्णय त्याच्या हातात नव्हता, तो जपानच्या स्विमिंग फेडरेशनच्या हातात होता आणि तिथे तेव्हा ताबाता मासाजी नावाचा माणूस होता. तो पत्रकार, 'असाही शिंबुन' या वृत्तपत्राचा, आणि हामाना सरोवराच्या त्याच टापूतला. गप्प बसून सदस्यत्व परत मिळायची वाट बघायची, हा सरळ पर्याय. हरलेला देश, डोक्यावर अमेरिकन लष्कर, कशाला कोणाच्या डोळ्यात यायचं. दुसरं म्हणजे लंडनकडे विनंत्या करत राहायचं, ज्यातून काही निघणार नव्हतं.

ताबाताने तिसरंच काढलं. राष्ट्रीय स्पर्धा मुद्दाम ऑलिम्पिकच्याच दिवसांत ठेवली. तुम्ही आम्हाला बोलवत नाही ना, मग आम्ही इकडे पोहतो, टायमिंग जुळवून बघा.

काय केलं: टोकियो, १९४८

वर सांगितलं तेच झालं. १५०० मध्ये फुरुहाशी १८:३७.०, आणि दुसरा आला हाशिझुमे शिरो, १८:३७.८, फक्त ०.८ मागे. म्हणजे लंडनच्या विजेत्याला हरवणारे एक सोडून दोघं होते. (हा हाशिझुमे लक्षात ठेवा, पुढे येतो.) ४०० मध्ये फुरुहाशी ४:३३.४, लंडनचं गोल्ड ४:४१.०.

पेपरात दोन रकाने शेजारी शेजारी छापता येतील असा हिशेब होता. डोकेबाज खेळी होती यात वाद नाही. फक्त त्याची दुसरी बाजू कोणी फार बोलत नाही. उपाशी देशाने त्या दिवसापासून आपला सगळा अभिमान एका कॉलेजच्या पोराच्या खांद्यावर टाकला, आणि तो पुढे चार वर्षं उतरवलाच नाही. पुढच्या वर्षी युकावा हिदेकींना फिजिक्सचं नोबेल मिळालं तेव्हा लोक दोघांची नावं एका दमात घ्यायला लागले. नोबेलवाल्याला दर उन्हाळ्यात ते परत मिळवून दाखवावं लागत नाही, हा फरक.

आणि बाहेर शंका होत्याच. जपान्यांची घड्याळं हळू चालतात, पूल कमी लांबीचा असेल वगैरे. नोंद नाही म्हटल्यावर बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार.

काय केलं: लॉस एंजेलिस, १९४९

जून १९४९ मध्ये फिनाने जपानला परत घेतलं. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा होती. मधे जेमतेम दोन महिने. जायचं का? देश अमेरिकेच्या ताब्यात गेलेला, तिथला कारभार बघणाऱ्या अमेरिकन जनरल मॅकआर्थरच्या परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, डॉलर नाहीत आणि युद्ध संपून चारच वर्षं झालेल्या अमेरिकेत जाऊन त्यांच्याच पूलमध्ये त्यांना हरवायचं. परवानगी मिळाली आणि सहा जण गेले.

राहायची सोय फ्रेड वाडा नावाच्या जपानी वंशाच्या अमेरिकन माणसाने स्वतःच्या घरात केली, भाजीपाला-किराण्याचा व्यवसाय होता त्याचा. घरचं जेवण, घरचं वातावरण. मला या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. १९४९ आणि १९५० मधला फरक नंतर काढलात तर ही गोष्ट लक्षात ठेवा, की पोरं काय खात होती आणि कुठे झोपत होती याची कोणीतरी काळजी घेत होतं.

१५०० च्या हीटमध्ये (म्हणजे प्राथमिक फेरीत) आधी हाशिझुमे उतरला आणि १८:३५.७ चा जागतिक विक्रम केला, या वेळी खराखुरा, नोंदला जाणारा. मग पुढच्या हीटमध्ये फुरुहाशी उतरला आणि १८:१९.०. म्हणजे हाशिझुमेचा विक्रम टॉवेल वाळायच्या आत गेला. ४०० मध्येही ४:३३.३ चा विक्रम, ८०० मध्येही, आणि रिलेमध्ये जपानच्या टीमचा. घड्याळं या वेळी अमेरिकन होती, त्यामुळे त्या शंकेचा निकाल तिथल्या तिथे लागला. तिथल्या पेपरांनी त्याला फुजियामाचा (म्हणजे फुजी पर्वताचा) उडता मासा म्हणायला सुरुवात केली.

तो १८:१९.० पुढे जवळपास सात वर्षं टिकला, मे १९५६ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज ब्रीनने मोडेपर्यंत.

गाडी कुठे घसरली: १९५०

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. मला थांबायचंय ते इथे.

१९५० मध्ये जपानचे पोहणारे दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. ब्राझीलमध्ये लाखोंच्या संख्येने जपानी वस्ती, आणि ती तेव्हा आतून फाटलेली. जपान हरला हेच मान्य नसलेला एक मोठा गट तिथे होता, आणि हरला म्हणणाऱ्यांचे त्या वादात १९४६ च्या सुमाराला खून पडले होते. अशा ठिकाणी मातृभूमीचा विश्वविक्रमवीर प्रत्यक्ष येतोय म्हटल्यावर लोकांचं काय झालं असेल विचार करा. म्हणजे दौरा निरर्थक होता असं अजिबात नाही. तिथे ओकामोतो तेत्सुओ नावाचा पोहणारा होता, जपानी आईबापांचा ब्राझिलियन मुलगा, त्याने या पाहुण्यांना बघून आपली प्रॅक्टिस किती कमी पडतेय ते ओळखलं आणि वाढवली.

पण या दौऱ्यात फुरुहाशीला अमीबाचा आमांश झाला. हे दुखणं ज्याला झालंय त्याला सांगायला नको, येतं, जातं, परत येतं, अंगातलं सगळं शोषून घेतं आणि वरून माणूस ठीकठाक दिसतो. लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्याचं भांडवलच मुळी खाल्लेलं अंगी लागण्यात असतं. १०० मीटरवाला एखाद्या दिवशी जिद्दीवर खेचून नेईल, १५०० मध्ये जिद्द पहिल्या ४००-५०० मीटरला संपते, मग पोटात जे असेल त्यावर चालतं.

यानंतर तो आधीचा फुरुहाशी परत दिसला नाही.

माझ्या मते प्रकरणातला खरा निर्णयबिंदू हाच. १९४८ चं दार लंडनने आणि फिनाने बंद केलं होतं, त्यावर कोणाचं काही चाललं नसतं. १९५० चा दौरा मात्र स्वतःच्या मर्जीने केलेला होता, ऑलिम्पिकला दोनच वर्षं असताना, त्या काळात जेव्हा पाण्याची, खाण्याची खात्री कोणी देऊ शकत नव्हतं. मान्य आहे, आज मागे वळून बघताना हे बोलणं सोपं. तेव्हा इतकी वर्षं कोंडून ठेवलेल्या देशाला पहिल्यांदाच कोणीतरी प्रेमाने बोलावत होतं, नाही कसं म्हणणार. तरी पाठवायचंच होतं तर सोबत कोणी डॉक्टर, थोडा छोटा दौरा, आणि परत आल्यावर सक्तीने पूर्ण विश्रांती, एवढं तरी विचारात घ्यायला हवं होतं असं मला वाटतं.

हेलसिंकी, १९५२

एप्रिल १९५२ मध्ये जपान स्वतंत्र झाला आणि जुलैमध्ये ऑलिम्पिक. फुरुहाशी गेला. ४०० मीटरची फायनल गाठली आणि फायनलमध्ये आठवा आला. आठ जणांत आठवा.

गोल्ड फ्रान्सच्या जाँ ब्वातोला, ४:३०.७. त्याचे वडील आनंदाच्या भरात अंगावरच्या कपड्यांनिशी पूलमध्ये उडी मारून मोकळे झाले, ते दृश्य प्रसिद्धच आहे. त्याच पाण्यात शेवटून कोणीतरी भिंतीला टेकत होतं हे त्या फोटोत येत नाही.

इकडे जपानमध्ये रेडिओवर एनएचकेचे निवेदक इइदा रडवेल्या आवाजात श्रोत्यांना विनवत होते की कृपा करून फुरुहाशीला दोष देऊ नका, उलट त्याचे आभार माना. ज्या देशाला आपल्या खेळाडूबद्दल अशी विनंती करावी लागते तिथे त्या खेळाडूवर किती ओझं होतं हे वेगळं सांगायला नको.

आता आकडे जरा शेजारी ठेवून बघू, कारण इथे भावनेच्या भरात एक गोष्ट सुटते. फुरुहाशी १९४९ सारखा ठणठणीत असता आणि ४०० मध्ये स्वतःचं ४:३३.३ परत पोहला असता तर? ब्राँझ मिळालं असतं. हेलसिंकीचं ब्राँझ ४:३५.२ ला गेलं, सिल्व्हर आणि गोल्ड दोन्ही त्याच्या टायमिंगच्या पुढे होते. म्हणजे तीन वर्षांत मधल्या पल्ल्यात जग त्याच्या पुढे निघून गेलं होतं. पण १५०० मध्ये गोल्ड गेलं १८:३०.३ ला, त्याच्या १८:१९.० पेक्षा ११ सेकंद मागे. त्याची खरी रेस हीच होती आणि आमांशाने नेमकी तीच खाल्ली.

त्या १५०० च्या पोडियमवर कोण उभे होते बघा. गोल्ड फोर्ड कोनो, हवाईचा, अमेरिकेचा. सिल्व्हर हाशिझुमे. ब्राँझ ओकामोतो, ब्राझीलचा. तिघंही जपानी वंशाचे, तीन झेंड्यांखाली. ज्या दौऱ्याने फुरुहाशीला आजारी पाडलं त्याच दौऱ्यातून पेटून उठलेला पोरगा पोडियमवर, आणि हाशिझुमे, जो आयुष्यभर फुरुहाशीच्या मागे दुसरा, तो फुरुहाशी नसताना पण दुसराच.

एक अवांतर. हेलसिंकीत जपानला एकच गोल्ड मिळालं, ते पोहण्यात नव्हे, कुस्तीत. इशिई शोहाची, बँटमवेट. आणि त्याच वजनगटात ब्राँझ घेतलं आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी. खाशाबा १९४८ ला लंडनला जाऊ शकले होते, कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला, सहावे आले. १९५२ ला पैसे नव्हते तर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. आपल्याला दार उघडं होतं आणि तिकिटाचे पैसे नव्हते, त्यांच्याकडे दारच बंद. पण लंडनचा अनुभव खाशाबांना हेलसिंकीत उपयोगी पडला असणारच, मॅट कशी असते, नियम कसे असतात, आणि फुरुहाशीला नेमकी तीच पहिली पायरी मिळाली नव्हती.

पुढे काय झालं

पदक नाही तर नाही, माणूस संपला नाही. लोकरी कापडाच्या कंपनीत नोकरी केली, मग निहोन युनिव्हर्सिटीत शिकवलं. १९६७ ला आंतरराष्ट्रीय स्विमिंग हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं. १९७६ पासून मरेपर्यंत फिनाचा उपाध्यक्ष, म्हणजे ज्या संस्थेने त्याचे विक्रम धरले नव्हते तिच्याच वरच्या खुर्चीत. १९८५ ते २००३ जपान स्विमिंग फेडरेशनचा अध्यक्ष, १९९० ते १९९९ जपान ऑलिम्पिक कमिटीचा अध्यक्ष, नागानो १९९८ त्याच्याच काळात. २००८ ला देशाचा मोठा सांस्कृतिक सन्मानही मिळाला.

वाडासाहेबांचंही सांगायला हवं. १९६४ चं ऑलिम्पिक टोकियोला मिळावं म्हणून या माणसाने १९५९ मध्ये पदरमोड करून लॅटिन अमेरिकेतले देश पालथे घातले आणि मतं गोळा केली. सहा पोरांना घरी जेवू घातलं त्याचं हे पुढचं टोक.

वेगळं काय करता आलं असतं

१९५० च्या दौऱ्याबद्दल वर बोललोय. हेलसिंकीबद्दल एवढंच, की सगळ्यांना दिसत होतं की हा आजारी आहे, आणि तरी त्याला न पाठवण्याची हिंमत फेडरेशनमध्ये कोणात असणं अवघड होतं, कारण चार वर्षं त्याच्या नावावर देश जागवला होता. इथे निवड टायमिंगवर होते की नावावर, हा प्रश्न येतो. आणि गंमत म्हणजे हाच प्रश्न जवळपास ५० वर्षांनी उलट्या बाजूने त्याच्याच दारात आला.

२००० साली चिबा सुझु या पोहणारीने निवड स्पर्धेत २०० मीटर फ्रीस्टाईल जिंकली, ऑलिम्पिकसाठी लागणारं टायमिंगही होतं, तरी सिडनीच्या टीममध्ये तिला घेतलं नाही. अध्यक्ष फुरुहाशी. ती थेट खेळाच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली. लवादाने तिचं अपील फेटाळलं, पण सोबत हेही म्हटलं की निवडीचे निकष आधीच नीट सांगितले असते तर हा वाद टाळता आला असता, आणि तिच्या खर्चापोटी फेडरेशनने १०,००० स्विस फ्रँक द्यावेत असा आदेश दिला. त्यानंतर जपानमध्ये टायमिंग आधी जाहीर करून, एकाच स्पर्धेत, तिथल्या तिथे निवड करायची पद्धत रुळली. म्हणजे घड्याळ सांगेल ते.

मला हे प्रकरण त्याच्या चरित्रातलं सगळ्यात बोचणारं पान वाटतं. ज्याला १९ व्या वर्षी घड्याळ एक सांगत होतं आणि टेबलावर बसलेली माणसं दुसरं, तोच त्या टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला होता. निर्णय एकट्याचा नसेल, फेडरेशनमध्ये अनेक जण असतात, त्यांची काही कारणंही असतील. पण निकष कागदावर लिहून आधी वाटायचे, एवढं सुचायला फुरुहाशीइतका योग्य माणूस अख्ख्या जपानमध्ये दुसरा नव्हता.

२ ऑगस्ट २००९ ला तो रोममध्ये हॉटेलच्या खोलीत वारला, वय ८०. जागतिक स्पर्धेसाठी गेला होता, आणि तो स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. पॉलियुरेथेनच्या, म्हणजे पाण्यात वेग वाढवणाऱ्या प्लास्टिकसारख्या सूटची ती बदनाम स्पर्धा, आठवड्याभरात ४३ जागतिक विक्रम झाले. पुढच्या जानेवारीपासून ते सूट बंद केले. विक्रम ठेवले.